जामला न गेलेला गंज

वर्धा,
भाद्रपद

प्रिय मोठ्याबाई,

तुमचे मनोहरभाऊ तासाभरापूर्वीच जामच्या गाडीनं तुमच्या माहेरी परत गेले. जाताना ओसरीवर एक नवा कोरा पितळी गंज, पंगतीचा भात शिजेल एवढा मोठा, ठेवून गेले. आणि उद्या सकाळी सुतार येणार आहे. या दोन गोष्टी डोक्यात अशा काही घुसल्या आहेत की मला दुसरं काही सुचेना, म्हणून कागद घेऊन बसले. बसले तरी कुठे? दोनदा उठून आले. एकदा दूध बघायला आणि एकदा उगाचच. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काऊन वं, पायाले चाकं लागले काय?"

हे मी दुसऱ्या कुणाजवळ बोलू? एका घरात दोन जावा म्हणून नांदलो, आणि ही गोष्ट आपल्या दोघींतच राहिली. दोघींतली एक निघून गेली, आता सगळं ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर. हे काही बरोबर केलं नाहीत तुम्ही.

यंदा आपल्याकडे महालक्ष्म्या बसल्या नाहीत. श्रावणात तुम्ही कावीळ होऊन गेलात, मग कसला सण आणि काय? शेजारीपाजारी आज जेवणावळी चालू आहेत, आंबिलीचा वास इथवर येतो आहे. दरवर्षी आजच्या दिवशी आपल्याला पाठ टेकायला सवड नसायची. आज मी नुसता वरणभात केला आणि दुपारपासून हात रिकामे आहेत. रिकामे हात फार छळतात, मोठ्याबाई.

तेरवीच्या दिवशी काय झालं ते आधी सांगते. पंगती उठल्या होत्या, भांडी घासायला निघाली होती. ओसरीत सोयरेधायरे बसलेले. सासूबाई सगळ्यांसमोर मनोहरभाऊंना म्हणाल्या, "मनोहर, आमची सून तं गेली. आता तेवढा आमचा गंज तं पाठवून देजो बाबा जामहून. माह्या बापानं आंदण देलता मले."

इतकी वर्षं त्या घरात काय वाट्टेल ते बोलायच्या, पण सोयऱ्यांच्या तोंडावर कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी दुःखानं त्यांचंही भान सुटलं असेल. मनोहरभाऊ बिचारे बघतच राहिले. "कोणता गंज, आई?" असं विचारलं त्यांनी. सासूबाई हसल्या, त्या हसतात तशा. "घ्या. आता यायले गंज बी माहीत नाई."

मी दारात पदर दातात धरून उभी होते. गंज कुठे आहे हे त्या सगळ्या माणसांत फक्त मला ठाऊक होतं. भिंतीच्या पलीकडे, आपल्या स्वैपाकघराच्या कपाटात होता तो.

काय म्हणून ते कपाट तसं करून घेतलंत तुम्ही?

शहात्तर साल असेल. गॅसची शेगडी नवी नवी आली होती आणि मागच्या अंगणात विटांची खोली बांधून झाली होती. सासूबाईंचं म्हणणं, त्या खोलीत चूल हलवा की झालं. तुम्ही मात्र हटून बसलात. उभ्यानं स्वैपाक हवा, खाली-वर लाकडी कपाटं हवीत, आणि तीही बाजारातली तयार नकोत. "जे काम रोज करतो, त्या कामापाशीच त्याचं भांडं पायजे. चहाच्या भुकटीसाठी मी काऊन खोलीभर फिरू?" असं तुमच्या मालकांना, म्हणजे माझ्या भासऱ्यांना, ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मला सांगायच्या. भासऱ्यांनी ऐकलं. सासूबाईंनीही ऐकलं.

"करा," सासूबाई म्हणाल्या. "लाकडाच्या पेट्यायत करा सैपाक. पण सणावाराले एक बी गोष्ट अडली, तं मी माही चूल परत मांडीन अन् तुमच्या पेट्यायत बैलायची सरकी भरीन." बोलल्या की करणाऱ्या बाई त्या. आपल्याला पुरतं माहीत होतं.

सुतार आला आणि त्यानं मापं विचारली. तुम्ही त्याला टेप खिशात ठेवायला लावली. "मी सैपाक करून दाखवतो, तू नुसता पाह्यजो." आणि त्या मोकळ्या खोलीत, जिथं शेगडी नव्हती की एक चमचा नव्हता, तुम्ही सकाळपासूनचा स्वैपाक करायला लागलात. हात वर करून हवेतूनच डबा काढला. चहा टाकला, उकळू दिला, गाळला. मग वरणाला फोडणी. बाजूला नसलेलं फडकं उचलून नसलेलं पातेलं उतरवलं आणि चटका लागल्यासारखं बोट कानाच्या पाळीला लावलं. सुतार खडू घेऊन तुमच्या मागे मागे. जिथं तुमचा हात जाईल तिथं भिंतीवर रेघ.

मला हसू आवरेना. तुम्ही दरडावलंत, "दात काय काढून राह्यली? ये इकडे, पोया लाट."

मग मीही लाटल्या. न दिसणाऱ्या कणकेचे गोळे केले, पिठी लावली. तुम्ही चांगल्या उंच, मी ही अशी ठेंगणी. खडूच्या रेघा दोन निरनिराळ्या उंचींवर आल्या. सुतार म्हणाला, "बाई, ओटा तं एका लेव्हलात लागते." तुम्ही म्हणालात, "काऊन? आम्ही दोघी एका लेव्हलात हाओ काय?"

झालं. ओट्याला मधेच पायरी पडली. तुमची बाजू उंच, तिथं शेगडी. माझी बाजू बुटकी, तिथं पोळपाट, चिरणं, मळणं. पिठाचे डबे कमरेच्या उंचीला, म्हणजे उचलायला नकोत. कुरडया-पापडांना जाळीचं दार. ताक घुसळायला कपाटाच्या अंगाला रवीची दोरी अडकवायची कडी. आजूबाजूच्या बायका बघायला यायच्या आणि तुम्ही एकेक दार उघडून दाखवायच्या, जणू सगळं रंधून-तासून तुम्हीच केलंय. सुतार बापडा कोपऱ्यात उभा.

सगळी मापं अशी अंगावरची. मग गंजाच्या कपाटाला वेगळा न्याय कसा मिळणार? महालक्ष्म्यांचा भात त्या गंजात शिजायचा, एरवी वर्षभर त्याला काम नाही. तुम्ही तो खालच्या फळीवर ठेवलात आणि सुताराला म्हणालात, याच्याभोवती कपाट कर, बोटभर जागा वाया जाऊ देऊ नको. त्यानं केलं. वर कडप्पा बसवला. मग तुमच्या मनात आलं की एकच रुंद दार उघडलं तर खाली तांदूळ निवडत बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागेल. म्हणून मधोमध उभी पट्टी मारून दोन लहान दारं करून घेतलीत. कोण खाली बसणार आणि कुणाला काय लागणार, सगळ्याचा विचार केलात. आत ठेवलेला गंज बाहेर कसा निघणार, एवढं मात्र तुमच्या, माझ्या, सुताराच्या, कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

ते कळलं महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी. गंज सरळ ओढला, आडवा केला, तिरपा केला. दर वेळी काठ त्या पट्टीला अडे. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तुमच्याकडे पाहिलं, आणि आपण दोघी तोंडात पदराचे बोळे कोंबून जमिनीवर बसून हसलो. माझ्या तर पोटात कळ आली. तेवढ्यात ओसरीतून हाक, "गंज निघाला काय वं?"

तुमचं हसू जागच्या जागी थांबलं. नव्या स्वैपाकघरातला तो पहिलाच सण. बैलांची सरकी दिसली असणार तुम्हाला डोळ्यांपुढे.

"गंज जामले हाये, आत्याबाई," सासूबाईंना एका दमात म्हणालात. "चुलतबहिणीचं साक्षगंध होतं, म्हणून नेलता माहेरी. आणाचा राह्यला."

आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात, "माही आण हाये तुले. कोणाले सांगशीन नाई."

पुढच्या वर्षी सुताराला गुपचूप बोलावू म्हणालात. पण घर रिकामं कधी असणार? सासूबाई ओसरी सोडायच्या नाहीत. आपण कपाटात गंजासमोर डबे रचले. सासूबाईंना वाकता येत नव्हतं आणि पुरुषांना कपाट उघडायचं माहीत नव्हतं. त्या वर्षी शेजारचा गंज मागून आणला, मग पुढच्या वर्षीही. आणि दरवर्षी सासूबाईंचं सुरू, "जामवाल्यायनं गिळला माहा गंज." पुढे पुढे त्याला सण लागेना. भाजी खारट झाली की जामचा हात. दूध उतू गेलं की जामची नजर. कुणाला काही द्यायची गोष्ट निघाली की, "जामले देऊ नका, तिकडून भांडं परत येत नाई."

तुम्ही मान खाली घालून पोळीला तूप लावत राहायच्या. संताप मला यायचा. एकदा मी म्हटलंच, सांगून टाका ना बाई, माहेराला अशी किती बोलणी खायला लावणार? तर मला म्हणालात, "माहेर दूर हाये. त्यायले ऐकू जात नाई. सैपाकघर मले रोज लागते."

मला तेव्हा ते पटलं. खरं सांगते, तुमचं कौतुकही वाटलं. पण आता त्यांना ऐकू गेलं ना, बाई? आता काय करायचं?

आज मनोहरभाऊ आले ते मांडीवर गोणपाटात बांधलेलं बोचकं घेऊन. एस.टी.त टपावर टाकू दिलं नाही म्हणे त्यांनी, पोचा येईल म्हणून. सासूबाईंचा डोळा लागला होता. माझ्यासमोर गाठ सोडली आणि म्हणाले, "ताई, माळा पाह्यला, कोठा पाह्यला, काकाच्या घरी बी पाह्यला. तुमचा गंज काई सापडला नाई. माही बायको म्हणते, म्या जन्मात नाई पाह्यला. म्या तिले लय बोललो, ताई. कोणाले देऊन टाकला म्हणून बोललो. चार दिवस झाले, बोलत नाई थे माह्याशी. जाऊ द्या. हा घ्या. आमच्या ताईचं नाव खराब नको."

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. तोंड उघडलं की सगळं बाहेर येईल असं वाटत होतं, आणि उघडलंच नाही. आण आडवी आली. गाडीची वेळ झाली म्हणून ते अर्धा चहा टाकून उठले. "येतो," म्हणाले, आणि गेले.

मग मी तो गंज पुसायला घेतला. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून आणलंय. शेवंता. आपल्या घरी लग्नात ताटातल्या तांदळावर तुमचं नाव सुलोचना लिहिलं गेलं आणि शेवंता त्या दिवशी जामलाच राहिली. या घरात ते नाव कुणी कधी उच्चारलं नाही, मीसुद्धा नाही. आणि तुमच्या भावानं तेच घालून आणलं. त्यांच्यासाठी तुम्ही अजून तीच आहात. तिथं ओसरीवर बसून मी रडले, मोठ्याबाई. तुम्ही गेलात त्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत धड रडताही आलं नव्हतं.

आणि मग मला तुमचा राग आला. आण मोडली की ज्याची आण असते त्याचं वाईट होतं, या भीतीनं मी इतकी वर्षं ओठ शिवून घेतले. आत्याबाईंची बोलणी ऐकली तरी गप्प. तेरवीला गप्प. आज गप्प. मी पाळली की नाही तुमची आण? अक्षरानं तरी मोडली का? आणि तरी तुम्ही गेलात. मग पाळून मला मिळालं काय? आता तुम्हाला व्हायचं असं राहिलं काय आहे?

त्यात उद्या सुतार. भासरे परवा स्वैपाकघराच्या दारात आले. माझ्याशी बोलायचं म्हणून नेहमीसारखं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "धाकट्या बाईले पाटावर चढा लागते. सुताराले सांगतलं म्या. उंच ओटा तोडून सगळा त्यायच्या मापाचा करून घ्या." खोटं नाही. शेगडी तुमच्या उंचीवर आहे. पाटावर चढते, फोडणी घालते, उतरते, कणीक मळते, पुन्हा चढते. दिवसभर नुसती चढ-उतार. गुडघे रात्री ठणकतात. चांगल्या मनानं सांगितलं त्यांनी.

पण ओटा तुटला की कपाट तुटणार, आणि तुमचा गंज सगळ्या घरासमोर उघडा पडणार. शिवाय आणखी एक गोष्ट मी पाहिली आहे, ती तुम्हाला सांगायलाच हवी. काल पहाटे मी उठले तर स्वैपाकघरात दिवा. भासरे तुमच्या ओट्यापाशी उभे राहून चहा करत होते. ज्यांनी कधी पाण्याचा पेला हातानं भरून घेतला नाही, ते. उंच माणूस, जरासुद्धा वाकावं लागत नव्हतं. वर न बघता हात उंचावला आणि भुकटीचा डबा काढला, तुम्ही त्या मोकळ्या खोलीत काढला होता ना, अगदी तसा. तिथंच उभ्या-उभ्या चहा प्याले, कप विसळून पालथा घातला. मी चपला न वाजवता मागे फिरले. ते स्वतःच तो ओटा तोडायला सांगतात, माझ्या सोयीसाठी. आणि मग पहाटे कुठे जातील?

थांबा, सासूबाई हाक मारताहेत.

सांगितलं, मोठ्याबाई.

ठरवून नाही गेले. गेले तर त्या ओसरीवर नव्या गंजाशी बसलेल्या. त्यांना आता धड दिसत नाही, बोटांनीच पाहतात. काठावरून बोटं फिरवत होत्या. "हा माहा नोहे. माह्यावर माहं नाव हाये. हे कोणाचं नाव हाये वं?"

"मोठ्याबाईचं," मी म्हटलं. "माहेरचं."

त्यांनी तो गंज बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "मंग माहा कुठी गेला?"

आणि मी त्यांना हाताला धरून उठवलं. स्वैपाकघरात नेलं, कपाटासमोर बसवलं. बसायला त्यांना किती त्रास झाला म्हणून सांगू. डबे बाजूला काढले, दोन्ही दारं उघडली आणि त्यांचा हात आत नेला. धूळ, जळमटं, आणि मग पितळ. बोटांना नाव सापडलं. त्यांच्या बापानं घातलेलं. त्या एकेक ठिपका चाचपत राहिल्या आणि मी बोलत राहिले. पट्टी, कडप्पा, साक्षगंध, आण, मनोहरभाऊंची बायको, सगळं. बोलले आणि आता घर डोक्यावर घेणार म्हणून वाट पाहत उभी राहिले.

"इतके वरस इथंच होता?"

"हाव."

"अन् म्या जामवाल्यायले शिव्या देल्या."

"हाव."

"तिनं ऐकून घेतल्या."

"हाव, आत्याबाई."

त्यांनी हात बाहेर काढला. मग म्हणाल्या, "बरं केलं तिनं, नाई सांगितलं. म्या खरंच फोडलं असतं हे." आणि कपाटाच्या दाराला धरून उठायला लागल्या. मी हात दिला. उभ्या राहून पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "उद्या जामची गाडी कितीले हाये? मी बी येतो. अन् माहा गंज संग घेजो. रिकाम्या हातानं कसं खरं वाटन मनोहरच्या बायकोले?"

देवळापलीकडे गेल्या नाहीत हो त्या किती वर्षांत! तुम्हाला हे खरं वाटणार नाही. मलाही अजून वाटत नाही.

आता ऐका. उद्या सुतार आला की फक्त ती पट्टी कापून घेईन, आणि गंज निघाला की पुन्हा मारून घेईन, खाली बसणाऱ्या माणसाच्या डोक्याला लागू नये म्हणून. ओट्याला हात लावू देणार नाही. शेगडीसमोर मला एक लांबरुंद फळी करून घेईन, उभं राहायला. ओट्याखाली सरकवता येईल अशी, म्हणजे पहाटे कुणाला लागलं तर जमिनीवर उभं राहता येईल. भासऱ्यांना हे मी समोर उभी राहून सांगणार आहे. कॅलेंडरकडे बघायचं तर बघोत.

शेवंता नावाचा गंज मी परत नेणार नाही. पुढच्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या की त्यांचा भात त्यातच शिजेल. आणि तो कुठल्याही कपाटात ठेवण्याआधी दार मोजून घेईन.

तुमची आण मोडली, रागावू नका. तुम्ही म्हणाला होतात, गंज जामला आहे. उद्या दुपारच्या गाडीनं मी आणि आत्याबाई त्याला मांडीवर घेऊन जामला नेतो. तुमच्या भावजयीसमोर ठेवते आणि तो याआधी त्या घरी कधी आलाच नव्हता हे माझ्या तोंडानं सांगते. संध्याकाळी त्याला परत आणते. एवढं वचन घ्या माझ्याकडून.

तुमची धाकटी,
सुमन